बोलावून न घेण्याची अट

मी, खाली सही करणारी, अभियांत्रिकी महाविद्यालयातील ड्रॉइंगची निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार स्टेशनरीच्या दुकानावरील दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे केवळ मी म्हणत नाही. वकीलबाईंनी डॉक्टरांचा तसा दाखला आणायला लावला. डॉक्टरांनी मला आजची तारीख विचारली, तेव्हा मी त्यांना दाखवून दिले की त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर अजून मागचाच महिना दाखवते आहे. दाखला लगेच मिळाला. तो सोबत जोडला आहे.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. घरच्यांची तक्रार उलटी आहे: माझेच सगळ्यांवर असते. विद्यार्थी माझ्या पाठीमागे मला 'काटकोन' म्हणत आले. त्याबद्दल राग नाही. तोंडावर म्हणाले असते तर गुण कापले असते.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. का रद्द केले, ते पहिल्याच कलमात येते.

कलम १. राहते घर. सदर दोन खोल्या मी माझ्या पगारातून घेतल्या. त्यांवर कोणाचे कर्ज नाही, हक्क नाही. डोळा मात्र आहे, तो खालच्या स्टेशनरीवाल्याचा, कारण त्याला गोदाम कमी पडते. घर विकताना आधी त्यालाच विचारावे. भाव मात्र बाजाराचा घ्यावा. मुलांना ड्रॉइंगचे कागद चढ्या भावाने विकून त्याने पुरेसे कमावले आहे. येणारी सर्व रक्कम कलम ५ मधील पारितोषिकाच्या निधीत जावी.

रद्द केलेल्या मृत्युपत्रात हे घर मी माझ्या भाचीला दिले होते. ती माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला बिटकी म्हणायला लागलो. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव चिकटले ते चिकटले. महाविद्यालय जवळ म्हणून ती पहिल्या वर्षापासून माझ्याकडे राहते. कौतुकाने मी तिला ते मृत्युपत्र वाचून दाखवले. मला वाटले होते, गळ्यात पडेल. तिने खिडकीबाहेर पाहिले आणि विचारले, "म्हणजे मी आता इथेच का गं, आत्या?"

मी ते कागद त्याच दिवशी फाडले. मला माझ्या भाचीला घर द्यायचे होते, मुक्काम नव्हे.

कलम २. ठेवी. बँकेतील मुदत ठेवी आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम, हेही सर्व वरील निधीत जावे. बँकेतल्या काउंटरवरच्या बाई दर वेळी मला "आजी, वारस कोण?" असे मोठ्याने विचारतात. त्यांना ही प्रत जरूर दाखवावी.

कलम ३. हत्यारे आणि सामान. ड्रॉइंगचे टेबल महाविद्यालयाला द्यावे, पण लेखी घेऊन की त्यावर संगणक ठेवणार नाहीत. माझी कंपासपेटी बिटकीची. क्षेत्रफळ मोजण्याचे यंत्र सर्वेक्षण शिकवणाऱ्या सरांनी एका दुपारपुरते म्हणून नेले, ते त्यांच्या कपाटात आहे हे अख्ख्या विभागाला माहीत आहे. ते मी या मृत्युपत्राद्वारे त्यांनाच देते. आता तरी त्यांनी मला जिन्यात पाहून तोंड चुकवू नये. मोठे कपाट वहिनीला हवे आहे. तिने तसे सुचवले नसले तरी येता-जाता त्याच्यावरून हात फिरवते. ते तिचे. परदेशातून आणलेल्या लोकरी कोटाला कसर लागली आहे. तो भावनेच्या भरात कोणी जपून ठेवू नये, टाकून द्यावा.

कलम ४. पारितोषिकामागची हकीकत. वकीलबाईंचे म्हणणे, मृत्युपत्रात हकीकत नको, नुसती वाटणी हवी. पण हकीकत कळली नाही तर पारितोषिकाची अट पुढच्या लोकांना वेडेपणाची वाटेल आणि ते ती गुपचूप काढून टाकतील. म्हणून लिहिते.

आमच्या बाबांची फाउंड्री होती. लोखंड ओतून पंपांचे भाग करत. एकदा परदेशातून मोठी मागणी आली, पंपाच्या झाकणांची. सोबत त्यांचे ड्रॉइंग. बाबांनी, दादाने, साचे करणाऱ्या मिस्त्रींनी, सगळ्यांनी ते वाचले. सगळ्यांनी आपण वाचतो तसे वाचले. आमच्याकडे वस्तूची उजवीकडून दिसणारी बाजू कागदावर डावीकडे काढण्याची पद्धत होती. त्यांच्याकडे उजवी बाजू उजवीकडेच काढत. कोणती पद्धत वापरली आहे ते सांगणारी एक छोटी खूण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात असते. ती खूण आमच्या घरात सगळ्यांनी पाहिली आणि सगळ्यांनी ठरवले की तो त्या कंपनीचा शिक्का आहे. मिस्त्री तर म्हणाले, "शिक्का देखणा आहे हो."

सगळी झाकणे डावखुरी निघाली. पाण्याचे तोंड जिकडे हवे त्याच्या बरोबर उलट्या बाजूला. माल परत आला तेव्हा बाबा आधी खो खो हसले, मग ढिगाशेजारी बसून एकेक झाकण उलटसुलट करून पाहू लागले. शेजारच्या कारखान्यांतही असेच प्रकार घडले होते. लाजेपोटी कोणी ताकास तूर लागू देत नव्हते. बाबांनी सगळ्या कारखानदारांना बोलावून स्वतःची फजिती स्वतःच सांगितली. मग एकेकाची जीभ सुटली. त्या बैठकीत ठरले की वर्गणी काढून दर वर्षी अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याला परदेशात शिकायला पाठवायचे. पुस्तके आपल्याकडेही येतात. पण आपल्याला साध्यासुध्या वाटणाऱ्या कोणत्या गोष्टी तिकडे उलट्या असतात, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. बाबा म्हणाले, "आपलं चुकतंय कुठे, ते आपल्याला इथे बसून दिसायचं नाही."

ते पारितोषिक मला मिळाले. वर्गात मी एकटी मुलगी होते. कारखानदारांपैकी काहींनी नाके मुरडली, पण निवड महाविद्यालयाने केली होती. निघायच्या आधी बाबा अचानक गेले. मी जाणे रद्द करायला निघाले होते. आईने बॅग भरून दाराशी आणून ठेवली आणि म्हणाली, "त्यांनी पाठवलंय तुला. मी कोण अडवणारी?"

तिकडचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते, हे मी इथे लिहून ठेवते, कारण आजवर कोणापाशी बोलले नाही. थंडीने बोटे वळत नसत. जेवणखाण बेचव. पण वर्कशॉपमध्ये मी माझे ड्रॉइंग टेबलावर पसरायची आणि पलीकडचा मुलगा त्याचे पसरायचा; दोघांची एकच वस्तू, एकमेकांकडे आरशात पाहिल्यासारखी. आम्ही हसायचो, मग वाद घालायचो, मग दोघांनाही नवे काहीतरी दिसायचे. माझ्या डोक्यात खिडक्या उघडत होत्या. तिथल्या प्राध्यापकांनी मला आणखी एक वर्ष ठेवून घेण्याचे पत्र तयार केले होते.

सत्र अर्ध्यावर असताना दादाचा फोन आला. ऑफिसमधल्या बाई मला वर्गातून बोलवायला आल्या. दादा म्हणाला, "आई सिरियस आहे. मिळेल त्या विमानाने नीघ." आणि फोन ठेवला.

प्रवासभर मी रडत होते. विमानतळावर दादा आला होता. माझी बॅग त्याने हातातून घेतली, पण टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मला वाटले, सगळे संपले. घराचे दार उघडे होते. आई स्टुलावर उभी राहून पंखा पुसत होती. मला पाहून तिच्या हातातले फडके खाली पडले. म्हणाली, "अगं, तू कशी आलीस? सुट्टी लागली का?"

दादा माझ्यामागे बॅग धरून उभा होता. आईला त्या फोनचे काही माहीत नव्हते.

मी तेव्हा त्याच्याशी भांडले, मग अबोला धरला. अबोला फार दिवस टिकला नाही, कारण फाउंड्रीतली ड्रॉइंगे घेऊन तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसे. शेवटी मी विचारले, "का केलंस?" तो म्हणाला, "बाबा गेल्यावर सगळे मलाच विचारायला लागले. मला कागद वाचता येत नव्हता आणि येतो असं दाखवत होतो. घरी आलो की आईचं रडणं. मला एकट्याला नाही जमलं गं." तो स्वतःच तेव्हा कॉलेज सोडलेला कोवळा पोरगा होता. मला हे समजायला माझे केस पांढरे व्हावे लागले.

परत जाता आले नाही. पारितोषिकाची अट होती: शिक्षण अर्धे सोडले तर खर्च परत करायचा. तो दादाने भरला, कित्येक वर्षे भरत राहिला, आणि एकदाही बोलून दाखवले नाही. मी इथेच पदवी घेतली, शिकवायला लागले, आणि दादाच्या फाउंड्रीतून त्यानंतर एकही डावखुरे झाकण बाहेर पडले नाही. मी दुःखात आयुष्य काढले असे कोणी समजू नये. मला माझे काम आवडले. पण त्या वर्कशॉपमधले माझे अर्धे ड्रॉइंग कोणी गुंडाळून ठेवले असेल का, हा विचार अजून येतो. आला की मी उठून चहा करते.

कलम ५. पारितोषिक. उपरोक्त निधीच्या व्याजातून दर वर्षी आमच्या महाविद्यालयातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, निधीला झेपेल तितक्यांना, परदेशात एक सत्र शिकण्यासाठी पारितोषिक द्यावे. प्रवास, राहणे, फी आणि चांगला कोट, हे सर्व त्यात यावे. पारितोषिकाला माझे नाव देऊ नये. मुले त्याला 'काटकोन' म्हणतीलच, त्याला इलाज नाही.

अर्जासोबत निबंध मागू नये. 'मला परदेशी का जायचे आहे' या विषयावर सगळे सारखेच खोटे लिहितात. त्याऐवजी उमेदवाराने आपल्या घरातली कोणतीही एक वस्तू, नळ, कडी, शिलाई मशीनचा पाय, हाताने काढावी: एकदा आपल्या पद्धतीने, एकदा तिकडच्या. ज्याला दोन्ही बाजूंनी पाहायचा कंटाळा येतो त्याला पाठवू नये. गुणपत्रिका पाहावी, पण पाहून बाजूला ठेवावी.

विद्यार्थ्याने परत यावे अशी अट घालू नये. यावरून दादाचे आणि माझे जेवणाच्या टेबलावर वाजले. तो म्हणाला, "आपल्या पैशाने जाणार आणि तिकडेच राहणार? मग आपल्याला काय मिळालं?" मी म्हणाले, "येतील तेव्हा येतील. बांधून ठेवलेला माणूस आला काय आणि न आला काय." वहिनी भाजी वाढत होती. ती म्हणाली, "तुम्ही दोघं भांडून घ्या, मी झाकण ठेवते." जे परत येतील त्यांनी मात्र एका दुपारी खालच्या वर्गाला येऊन सांगावे की तिकडे आपले काय काय चुकले. काय जमले ते सांगू नये. त्यासाठी त्यांच्या आया आहेत.

कलम ६. अट. या पारितोषिकाला एकच अट आहे आणि ती विद्यार्थ्यावर नाही, त्याच्या पालकावर आहे. पैसे देण्यापूर्वी पालकाने समक्ष येऊन असे लिहून द्यावे: 'खोटे कारण सांगून मी माझ्या पाल्याला परत बोलावणार नाही. घरात खरोखर काही घडले तर खरे तेवढेच सांगेन, आणि यायचे की नाही ते त्याचे त्याला ठरवू देईन.' पालकाने सही नाकारली तर त्याच्याशी कोणी भांडू नये. त्याला चहा द्यावा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवावे.

हे काम दादाने करावे, हातपाय चालतात तोवर. ही शिक्षा नव्हे. रिकाम्या घराला घाबरलेल्या बापासमोर बसून, त्याला काय होतेय ते न सांगता ओळखेल, असा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

कलम ७. बिटकी. वरील पारितोषिक माझ्या नातेवाईकांना मिळणार नाही. बिटकीला त्याची गरजही नाही. तिला परदेशात ओतकामाच्या पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे, तिच्या स्वतःच्या हिमतीवर. तिची फी आणि तिकीट मी जिवंतपणी, बक्षीस म्हणून भरले आहे. त्याचा या मृत्युपत्राशी संबंध नाही आणि ते कोणी परत मागू शकत नाही.

अडचण वेगळी आहे. या वर्षी मला दुखणे निघाले. छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली, तेव्हाच काय ते कळले. त्याच दिवशी बिटकीने बॅग माळ्यावर टाकली. "पुढच्या वर्षी जाईन की. प्रवेश काय पळून जातोय?" मी म्हणाले, "प्रवेशच पळतो. मी कुठे जातेय?" ती रडली. मीही रडले. मग दोघींनी मिळून बॅग खाली काढली. ती या महिन्याच्या अखेरीस निघते आहे.

वहिनी मला हळूच म्हणाली, "तुमच्या दुखण्यात पोर जवळ नसली तर लोक काय म्हणतील?" वहिनी मनाने चांगली आहे आणि तिचा जीव टांगणीला लागला आहे, हे मला दिसते. लोकांनी काय म्हणायचे ते मी इथे लिहून देते: आत्याने पाठवले, म्हणून गेली.

मला बिटकी जवळ हवी आहे. हे लिहिले नाही तर कागद खोटा ठरेल. सकाळी तिने हाक मारली नाही तर दिवस सुरू झाल्यासारखे वाटत नाही. ती गेल्यावर या दोन खोल्या मला खायला उठतील. तरी ती गेलीच पाहिजे, आणि सत्र पुरे करून मगच तिने काय ते ठरवावे.

कलम ८. दादा. माझ्या थोरल्या भावाला मी काहीही ठेवत नाही. पैसा नाही, वस्तू नाही, कपाटसुद्धा वहिनीला दिले आहे. वाचून त्याचा चेहरा कसा होईल, ते मला इथे बसून दिसते. दादा, राग धरू नकोस. वकीलबाई म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये. आणि मला तुझी सही हवी आहे. मी हा कागद तुला सहीच्या आधी पूर्ण वाचायला देणार आहे, पंख्यासकट.

कलम ९. माझ्यानंतर. माझे दुखणे वाढले तर बिटकीला ते जेवढे असेल तेवढेच कळवावे; कमी नाही, जास्त नाही. मी गेले तर त्याच दिवशी कळवावे. परीक्षा आहे म्हणून लपवू नये. लपवणे हेही बोलावण्याइतकेच खोटे. फोन दादाने करावा. 'ये' म्हणू नये, 'येऊ नकोस' असेही म्हणू नये. ती रडेल तोवर फोन धरून ठेवावा. देह महाविद्यालयाच्या वाटेवरील सरकारी इस्पितळाला द्यावा. शोकसभा घेऊ नये. प्राचार्यांना आटोपते घेता येत नाही.

या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी वकीलबाईंना नेमते. त्यांनी प्रत्येक पानावर माझी सही घेतली आहे. दोन ठिकाणी खाडाखोड झाली आहे, तिथेही सही आहे. आयुष्यभर मुलांच्या कागदावरील खाडाखोडीला गुण कापले, त्यांनी आता हसून घ्यावे.

ठिकाण: राहते घर. तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे ती.

मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

साक्षीदार १: खालच्या गल्लीतील दातांचे डॉक्टर. मृत्युपत्र करणारीने माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि माझ्या अक्षराला नावे ठेवत होत्या. (सही)

साक्षीदार २: मृत्युपत्र करणारीचा थोरला भाऊ, फाउंड्रीवाला. वकीलबाई नुसती सही पुरे म्हणतात, पण मी चार ओळी लिहिणार. सगळं वाचलं. दोनदा वाचलं. बिटकीला विमानतळावर मीच सोडायला जाणार. फोन मीच करणार, खरं तेच सांगणार, आणि ती रडेल तोवर धरून ठेवणार. तुझं आजारपण मी आणि तुझी वहिनी बघू. उद्यापासून आम्ही इथेच राहायला येतोय, त्यावर वाद नको. आणि एक. ती अट पालकांसाठी आहे म्हणतेस. बाबा गेल्यावर तुझा पालक मीच होतो. तेव्हा करायला हवी होती ती सही आज करतोय. (सही)